बट्ट्याचा रकाना

३१ डिसेंबर १९९८, गुरुवार. युरोपातल्या अकरा देशांच्या चलनांचे युरोशी असलेले दर त्या दिवशी कायमचे ठरले. बाजार उघडणार होते ४ जानेवारीला, सोमवारी. मधल्या तीन-साडेतीन दिवसांत फ्रँकफर्ट, पॅरिस, मिलान आणि लंडनमधल्या बँकांची हजारो माणसं नववर्षाची सुट्टी ऑफिसातच काढत होती. सरकारी कर्जरोखे, शेअर, ग्राहकांच्या शिलका, सगळं मार्क-फ्रँक-लिरांतून उचलून युरोत मांडायचं होतं, आणि तेही सोमवारी सकाळी कुणाला काही जाणवणार नाही अशा बेताने.

गंमत अशी की या युरोची एकही नोट तेव्हा चलनात नव्हती. नोटा-नाणी लोकांच्या हातात पडायला १ जानेवारी २००२ उजाडावं लागलं. तोवर तीन वर्षं युरो होता तो फक्त वह्यांमध्ये, म्हणजे संगणकांमध्ये. जर्मन गृहिणी पाव मार्कातच विकत घेत होती, पण बेकरीचा मालक हिशेब कुठल्या चलनात ठेवतो हा त्याचा प्रश्न होता. युरोपीय संघाचं धोरणच तसं होतं: या काळात युरो वापरण्याची सक्ती नाही, बंदीही नाही. राजकारण्यांना हे वाक्य सोयीचं वाटलं. हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मात्र त्याने घाम फोडला, कारण एकाच कंपनीची बिलं दोन चलनांत निघणार, पैसे तिसऱ्यातच येणार आणि वर्षअखेरीला ताळा मात्र पैशापैशाने जुळायला हवा.

नियम कडक होते. एक युरो म्हणजे १.९५५८३ जर्मन मार्क, ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक, १९३६.२७ इटालियन लिरा. गोव्यातल्या जुन्या माणसांच्या ओळखीचा एस्कुदो २००.४८२. प्रत्येक दर सहा सार्थ अंकांचा, आणि त्यातला एकही अंक गाळायचा नाही. दर उलटा करून गुणायलाही मनाई. हा कायदेपंडितांचा चोखंदळपणा नव्हे, हे एका उदाहरणावरून कळतं. दहा लाख मार्कांना १.९५५८३ ने भागलं तर येतात ५,११,२९१.८८ युरो. तोच दर उलटा करून, सहा अंकांपर्यंत आणून, ०.५११२९२ ने गुणलं तर येतात बरोबर ५,११,२९२. बारा सेंटचा फरक. दिवसाला अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या बँकेत असे बारा सेंट किती जागी साचतील, याचा अंदाज करून पाहावा. मार्कातून फ्रँकमध्ये जायचं तर थेट वाट नाही. आधी युरो, तिथे किमान तीन दशांश स्थळं राखायची, मग फ्रँक. जगातल्या बहुतेक हिशेबी प्रोग्रामांना हा आडवळणाचा रस्ता ठाऊक नव्हता. त्यांच्या कोष्टकात दोन चलनं आणि एक दर एवढीच सोय होती.

काही प्रोग्रामांना तर तेवढीही नव्हती.

व्यापारी कामाला लागलेला पहिला संगणक म्हणून ‘लिओ’ ओळखला जातो. लंडनच्या जे. लायन्स या चहाच्या दुकानांच्या कंपनीने तो १९५१ साली बेकरीच्या हिशेबाला लावला. पुढे त्याच्यावर पगारपत्रकं निघू लागली. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड सांभाळताना बिचाऱ्या यंत्राचा जीव मेटाकुटीला येई, पण चलन एकच होतं. अमेरिकेत १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने लुइव्हिलच्या कारखान्यात युनिव्हॅक बसवला, तोही पगारासाठी, आणि डॉलरमध्ये. १९५९-६० मध्ये कोबोल ही व्यापारी कामाची भाषा आली. तिच्यात रकमेसाठी जागा आखून ठेवायची पद्धत होती: इतके अंक, मग दशांश, मग दोन अंक. चलनाचं चिन्ह बदलण्याची सोय कोबोलमध्ये होती, युरोपियनांसाठी दशांश बिंदूऐवजी स्वल्पविराम वापरण्याचीही होती. पण जुन्या कोबोलमध्ये अख्ख्या प्रोग्रामला मिळून चिन्ह एकच. म्हणजे प्रोग्राम डॉलरचा असेल किंवा पौंडाचा असेल. रक्कम स्वतः काहीच सांगत नव्हती. फायलीत ‘१२५०००’ असा नुसता आकडा पडलेला असे आणि तो कशाचा, हे ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक आहे असं गृहीत धरलेलं असे.

पेशवाईतल्या एखाद्या पेढीवरच्या मुनिमाला अशी नोंद दाखवली असती तर त्याने ती कीर्द परत केली असती.

अठराव्या शतकातल्या दख्खनच्या बाजारात ‘रुपया’ या शब्दाने काहीच ठरत नसे. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, सुरतेचा सुरती, अर्काटचा अर्काटी, पाँडिचेरीचा फुलचरी. शिवाय दक्षिणेकडून येणारे सोन्याचे होन आणि खुर्द्याला शिवराई. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा आणि पेठेपेठेगणिक भाव वेगळा. पेशवे दप्तरातल्या कागदांत म्हणूनच रकमेबरोबर नाण्याचं नाव येतं. सरकारी वसुलीत आलेली नाणी पारखायला पोतदार असे. कोणतं नाणं कोणत्या भावाने धरायचं, त्यावर किती बट्टा कापायचा, हे तो सांगे. बट्टा ही लबाडी नव्हती, निदान प्रत्येक वेळी नव्हती. वेगवेगळ्या कसाचे पैसे एका वहीत आणायचे तर मधला फरक कुठेतरी लिहावाच लागतो, आणि तो जिथे लिहिला जाई तो बट्ट्याचा रकाना. सराफाची रोजीरोटी त्याच रकान्यावर चाले.

राज्यकर्तेही यात शक्यतो हात घालत नसत. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्या मागण्यांत एक कलम नाण्यांचं होतं: कंपनीची नाणी शिवाजी महाराजांच्या मुलखात चालावीत. बाकीची बहुतेक कलमं मान्य झाली, पण हे लिहून देण्याची गरज महाराजांना वाटली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की कुणाच्या नाण्याला आपण आडकाठी करत नाही आणि तोटा सोसून ते घ्या असं रयतेला सांगणारही नाही. नाणं चोख असेल तर ते चालेल. दर बाजाराने ठरवावा, हे तत्त्व पुढे १९७३ मध्ये बड्या देशांनी नाइलाजाने पत्करलं. रायगडावर ते तीनशे वर्षं आधी सांगून झालं होतं.

बंगालमध्ये तर नाण्याच्या वयालाही बट्टा लागे. टांकसाळीतून निघालेला ताजा सिक्का रुपया पूर्ण किमतीचा. पुढच्या वर्षी त्याच चांदीच्या त्याच तुकड्याचा भाव उतरे, त्यापुढे आणखी. मग तो ‘सनत’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे नाण्याचं नाव पुरेसं नव्हतं, तारीखही पाहावी लागे. कंपनीने अखेर यावर नामी युक्ती काढली. शाह आलमच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष तिने नाण्यावर गोठवून टाकलं. बादशहा म्हातारा होत गेला, पण मुर्शिदाबादी रुपयावर सन १९ कायम राहिलं. नाण्याला वय नाही, म्हणजे वयाचा बट्टाही नाही.

कंपनीच्या बंगालमधल्या हिशेबात याहून चमत्कारिक प्राणी होता तो ‘चलनी रुपया’. असा रुपया कधी पाडलाच गेला नाही. शंभर सिक्का रुपये म्हणजे एकशे सोळा चलनी रुपये असा दर धरून नाना जातींची नाणी या कल्पित रुपयात उतरवायची, म्हणजे बेरीज करता येते. ॲमस्टरडॅमच्या बँकेनेही १६०९ नंतर हेच केलं होतं: शहरात शेकडो प्रकारची नाणी येत, पण बँकेच्या वहीत एकच गिल्डर. आजच्या ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये ‘ग्रुप करन्सी’ नावाची जी पेटी असते, तिचे हे पूर्वज.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया आणला आणि हळूहळू बाकीची नाणी वितळवली. पोतदार आडनावापुरता उरला. पण सगळीकडे नाही. मराठवाड्याला दोन रुपयांचा हिशेब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चुकला नाही. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा ठरलेला दर होता सातास सहा. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. शेतसारा हालीत भरायचा, मुंबईच्या पेढीशी व्यवहार कलदारात. जालन्या-परभणीच्या कापसाच्या व्यापाऱ्याच्या वहीत दोन्हींना जागा असे. हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शननंतर, १९५१ पासून भारतीय रुपया मुख्य चलन झाला, तरी हाली सिक्का पूर्ण बाद व्हायला १९५९ उजाडलं.

संगणक मात्र नेमका एकचलनी जगात जन्मला. १९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानंतर डॉलर सोन्याला आणि बाकीची चलनं डॉलरला बांधलेली होती. दर वर्षानुवर्षं हलत नसत. त्यामुळे परदेशी व्यवहार करणाऱ्या कंपनीलाही प्रोग्राममध्ये एक दर कायमचा लिहून टाकणं परवडत होतं. एखाद्या देशाने अवमूल्यन केलं की प्रोग्रामर येऊन आकडा बदलून जाई. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सनने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली, मार्च १९७३ पर्यंत मोठी चलनं तरंगू लागली, आणि रोज बदलणारा दर ही नवी डोकेदुखी हिशेबनिसांच्या गळ्यात पडली.

याच मधल्या काळात, १ एप्रिल १९७२ रोजी, आयबीएम सोडलेल्या पाच जर्मन अभियंत्यांनी एसएपी ही कंपनी काढली. एस्ट्रिंगेनमधला आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीचा कारखाना त्यांचा पहिला ग्राहक. जर्मनीत बसून धंद्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला चलनांचा प्रश्न टाळता येणं शक्यच नव्हतं. दोन-तीन तास गाडी चालवली की फ्रान्स, स्वित्झर्लंड किंवा बेल्जियम लागतं. १९७९ च्या आर/२ आणि १९९२ च्या आर/३ या त्यांच्या प्रणाली बहुराष्ट्रीय कंपन्यांत पसरल्या, त्याचं एक मोठं कारण अनेक भाषा आणि अनेक चलनं पोटात घेण्याची त्यांची तयारी हे होतं. अमेरिकी प्रतिस्पर्ध्यांना ही गरज उशिरा जाणवली, आणि त्यात आश्चर्य नाही. ओहायोतल्या कारखान्याचे ग्राहकही डॉलरवालेच असत.

एसएपीच्या पोटात जरा डोकावलं तर पोतदाराची सगळी विद्या कोष्टकांत मांडलेली दिसते. रक्कम ठेवायची तिथे शेजारी चलनाचा रकाना सक्तीचा. त्याशिवाय रकमेला अर्थच नाही. कंपनीचं स्थानिक चलन, समूहाचं चलन, आणि महागाईने पोखरलेल्या देशांसाठी ‘हार्ड करन्सी’ नाहीतर निर्देशांकाला बांधलेलं चलन असे प्रकार. आर/३ मध्ये एकच नोंद व्यवहाराच्या चलनाशिवाय आणखी तीन चलनांत समांतर चाले. दर ठेवण्याच्या कोष्टकात दराचा प्रकार वेगळा सांगावा लागतो: खरेदीचा, विक्रीचा, सरासरीचा. आणि तारीख? ती सरळ लिहिलेलीच नाही. आठ नव्वांमधून वजा करून ठेवलेली असते. २४ मार्च १९९९ म्हणजे १९९९०३२४. तो ९९९९९९९९ मधून वजा केला की ८०००९६७५. असं केल्याने सगळ्यात नवा दर यादीत सगळ्यात वर येतो आणि शोधायला वेळ लागत नाही. जुन्या, सावकाश यंत्रांसाठी काढलेली ही पळवाट. ती कळेपर्यंत नव्या प्रोग्रामरला हे कोष्टक म्हणजे मोडी लिपीतला कागद वाटतो.

दशांशांची गोष्ट आणखी मजेची. दोन दशांश स्थळं हे डॉलरच्या सेंटचं गृहीत, आपल्या पैशालाही ते लागू पडतं. पण जपानी येनला दशांशच नाहीत. कुवेती दिनार आणि ओमानी रियालला तीन आहेत, कारण त्यांचे हजार भाग होतात. मादागास्करचा आरियारी तर पाच भागांत मोडतो, तिथे दशमान पद्धतच लंगडी पडते. एसएपीने रकमा पोटात दोन दशांशांनीच ठेवायचं ठरवलं आणि अपवादांची एक वेगळी यादी केली. त्यामुळे शंभर येन आत १.०० असे बसतात आणि पडद्यावर येताना पुन्हा शंभर होतात. ही यादी पाहायला विसरलेल्या प्रोग्रामरचं उत्तर शंभरपटीने चुकतं.

नावांचा घोळ १९७८ साली आयएसओ ४२१७ या मानकाने मिटवला: प्रत्येक चलनाला तीन अक्षरं, साधारणपणे पहिली दोन देशाची आणि तिसरं चलनाचं. भारतीय रुपया आयएनआर, पाकिस्तानी पीकेआर, श्रीलंकेचा एलकेआर. नुसतं नाव किती धोक्याचं असतं हे रिझर्व्ह बँकेने आधीच अनुभवलं होतं. आखाती देशांत तेव्हा भारतीय रुपयाच चाले, आणि तिथून सोन्याच्या तस्करीसाठी तो परत येई. म्हणून १९५९ मध्ये बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. नाव रुपया, सही आपल्याच गव्हर्नरची, पण त्या नोटा भारतात चालत नसत. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० ला गेला, तेव्हा दुबई-कतारकडच्या लोकांच्या खिशातला पैसा दिल्लीतल्या निर्णयाने एका रात्रीत हलका झाला. त्या राज्यांनी लवकरच आपापली चलनं शोधली. तुर्कस्तानने २००५ च्या १ जानेवारीला लिरावरची सहा शून्यं पुसली. जुने दहा लाख म्हणजे नवा एक. नाव लिराच, पण आयएसओने टीआरएलचं टीआरवाय केलं म्हणून संगणकाला जुना-नवा भेद कळला. त्याआधी दोन कोटी लिरांची नोट चलनात होती, आणि मोठ्या बिलांची बेरीज आखून दिलेल्या अंकांच्या जागेत मावेनाशी झाली होती.

दुसरीकडे हिशेबशास्त्रातही वाद पेटला होता. १९७५ मध्ये अमेरिकेत नियम आला की विदेशी चलनामुळे होणारा नफा-तोटा त्या-त्या तिमाहीच्या नफ्यात दाखवा. झालं असं की कारखाना उत्तम चाललेला असतानाही केवळ मार्क वधारला म्हणून नफा कोसळू लागला. संचालकांनी आरडाओरड केली. डिसेंबर १९८१ मध्ये तो नियम बदलून ‘फंक्शनल करन्सी’ ही कल्पना आली: कंपनी खरोखर ज्या चलनात जगते ते चलन आधी ठरवा, मग बाकी रूपांतर. १९८३ मधलं आंतरराष्ट्रीय मानक आयएएस २१, आपल्याकडचं एएस ११, सगळी याच प्रश्नाभोवती फिरतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी याचा अर्थ एकच होता: आणखी एक चलन, आणखी एक दर, आणखी एक खातं.

भारतीयांना या काळात एक खास देशी अनुभव मिळाला. मार्च १९९२ पासून वर्षभर निर्यातीच्या डॉलरना दोन दर होते. आलेल्या रकमेपैकी ४० टक्के सरकारी दराने, उरलेले ६० टक्के बाजारभावाने. एकच बिल, एकच तारीख, एकच ग्राहक, आणि रुपयात उतरवताना दोन भाव. एका तारखेला एकच दर असणार असं धरून चाललेल्या प्रोग्रामांपुढे हे कोडंच होतं. १ मार्च १९९३ ला दर एक झाला.

एवढी पूर्वपीठिका असूनही १९९९ सोपं गेलं नाही. नवं चलन जोडणं एक, आणि कंपनीच्या वहीचं मूळ चलनच बदलणं दुसरं. मागची सगळी वर्षं मार्कात. उघडी बिलं, घसारा, गोदामातला माल, कर्जाचे हप्ते, सगळं युरोत न्यायचं. आणि इथे पूर्णांकनाचं भूत उभं राहतं. दहा-दहा मार्कांच्या तीन ओळींचं बिल घ्या. प्रत्येक ओळ ५.११ युरो, बेरीज १५.३३. पण तीस मार्कांची एकूण रक्कम वेगळी बदलली तर १५.३४. खरा कोण? दोघंही. लाखो बिलांच्या कंपनीत ग्राहकांच्या खात्यांची बेरीज आणि मुख्य खतावणी यांच्यात अशा सेंटांची दरी पडते. त्यासाठी फरक झेलणारी खास खाती उघडली गेली. अनेक कंपन्यांनी आधी प्रणालीची प्रत काढून तिच्यावर बदलाची रंगीत तालीम घेतली, मग सुट्टीचा मुहूर्त धरून खरी वही बदलली. मधल्या काळात नोंदी बंद.

इटलीचा प्रश्न आणखी न्यारा होता. लिराला व्यवहारात दशांश उरलेच नव्हते, म्हणून तिथल्या कित्येक स्थानिक प्रोग्रामांनी दशांशांची जागाच ठेवलेली नव्हती. हजार लिरा म्हणजे ५२ सेंट झाल्यावर प्रत्येक पडदा आणि प्रत्येक छापील नमुना नव्याने आखावा लागला. शिवाय € हे चिन्ह जुन्या अक्षरसंचांत नव्हतंच. त्यासाठी आयएसओ ८८५९-१५ हा सुधारित संच काढावा लागला. (आपल्या ₹ ला २०१० मध्ये तुलनेने नशीब चांगलं लाभलं. जुलैत सरकारने उदय कुमार यांचं चिन्ह पसंत केलं, ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये दाखल झालं. कीबोर्डवर शोधताना मात्र अजून अनेकांची बोटं अडखळतात.)

युरोचं हे काम वाय-टू-केच्या, म्हणजे वर्ष २००० च्या तारखांच्या दुरुस्तीच्या, जोडीलाच आलं आणि दोन्हींचा मोठा भाग भारतीय कंपन्यांकडे वळला. मुंबईच्या सीप्झ या निर्यात वसाहतीला अशा कामाची ओळख त्याआधीपासून होती. सिटीबँकेच्या सॉफ्टवेअर उद्योगातून तिथे उभी राहिलेली कंपनी आधी ‘मायक्रोबँकर’ आणि १९९७ पासून ‘फ्लेक्सक्यूब’ या बँकिंग प्रणाली परदेशी बँकांना विकत होती, आणि परदेशी बँकेला सॉफ्टवेअर विकायचं तर अनेक चलनं ही अट पहिल्याच पानावर असते. पुढे आयफ्लेक्स या नावाने गाजलेली ही कंपनी २००५ पासून ओरॅकलने टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतली.

लहान व्यापाऱ्यापर्यंत ही विद्या पोचवली ती बंगळुरूच्या टॅलीने. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत अनेक चलनांची सोय एका ‘येस’वर उघडते, आणि आयात-निर्यात करणाऱ्या प्रत्येक हिशेबनिसाला त्यानंतर ताळेबंदात उगवणारी ‘अनॲडजस्टेड फॉरेक्स गेन/लॉस’ ही ओळ ओळखीची आहे. समजा नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराने फेब्रुवारीत रॉटरडॅमच्या ग्राहकाला ४० हजार युरोचं बिल केलं, युरो नव्वद रुपये. वहीत छत्तीस लाख. ३१ मार्चला युरो ९१. पैसे आलेले नाहीत, पण ताळेबंद त्या दिवसाच्या दराने मांडायचा, म्हणून चाळीस हजारांचा नफा दाखवायचा. एप्रिलमध्ये पैसे आले तेव्हा युरो ८९.५०, हातात ३५ लाख ८० हजार. म्हणजे नव्या वर्षात साठ हजारांचा तोटा. द्राक्षं तीच, पेट्या तेवढ्याच, ग्राहकाने एक सेंटही कापलेला नाही. जुन्या सराफाला यातलं काही नवं वाटलं नसतं, ३१ मार्चचा नफा सोडून. न आलेल्या पैशावर नफा लिहिणं त्याच्या पचनी पडणं कठीण.

आजच्या क्लाउडवरच्या प्रणालींत ही सोय सुरू करणं दोन क्लिकांचं काम आहे, पण त्या क्लिकांआधी एक इशारा येतो. सेल्सफोर्स असो वा क्विकबुक्स, अनेक चलनं एकदा चालू केली की पुन्हा बंद करता येत नाहीत. कारण चालू करताक्षणी आधीच्या प्रत्येक ग्राहकावर, प्रत्येक बिलावर चलनाचा शिक्का बसतो. नंतर कुठे युरो, कुठे दिऱ्हाम शिरले की पुन्हा नुसत्या आकड्यांवर परतण्याची वाट राहत नाही. सल्लागार म्हणूनच आधी वेगळ्या प्रतीवर करून बघा म्हणतात, आणि घाईतले मालक बहुधा ऐकत नाहीत.

११ जुलै २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराची बिलं थेट रुपयात करायला आणि पैसे खास व्होस्ट्रो खात्यांतून (परदेशी बँकांच्या भारतीय बँकांतल्या रुपया-खात्यांतून) चुकते करायला मुभा दिली. ग्राहक परदेशी म्हणजे चलनही परदेशी, अशी सांगड घालून बसलेल्या प्रणालींत ही दोन घरं वेगळी करावी लागतात: पत्ता बाहेरचा, कागदपत्रं निर्यातीची, रक्कम मात्र आयएनआर. असं बिल झालं तर द्राक्षवाल्याच्या वहीतलं फरकाचं खातं रिकामं राहतं. बट्टा जातो खरेदीदाराच्या वहीत.